अन्नपुरवठा साखळीतील शेतीबाह्य उत्सर्जन : देशांची तुलना

खतासारखी निविष्ठा कारखान्यात तयार होताना, आणि पुढे शेतमाल बांधाबाहेर पडल्यापासून त्याचा कचरा होईपर्यंत, जे हरितगृह वायू वातावरणात जातात त्यांना अन्नपुरवठा साखळीतील शेतीबाह्य उत्सर्जन म्हणतात. प्रक्रिया, वेष्टन, वाहतूक, शीतकरण, किरकोळ विक्री, घरचा स्वयंपाक आणि टाकाऊ अन्नाची विल्हेवाट हे टप्पे त्यात येतात. पिके, गुरे आणि शेतीपायी होणारी जंगलतोड यांचा हिशेब वेगळा मांडला जातो. निरनिराळे वायू एका मापात आणण्यासाठी प्रत्येकाची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडशी ताडून ‘सममूल्य टन’ हे एकक वापरतात.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगाच्या अन्नव्यवस्थेतून सुमारे १६.५ अब्ज टन, म्हणजे एकूण मानवनिर्मित उत्सर्जनाच्या जवळपास ३१ टक्के उत्सर्जन झाले. त्यात पुरवठा साखळीचा वाटा ५.८ अब्ज टनांचा होता आणि तो १९९० च्या सुमारे दुप्पट होता, तर जमीनवापरातील बदलाचा वाटा याच काळात घटला.

देशांची प्रोफाइल मात्र एकमेकांशी जुळत नाही. चीनमध्ये पुरवठा साखळी शेतीच्याही पुढे गेली आहे, कारण तिथले कारखाने, शीतगृहे व घरे यांना लागणारी वीज मुख्यतः कोळशावर तयार होते. ब्राझीलमध्ये जंगलतोडीचा आकडा इतका मोठा, आणि वीज इतकी जलविद्युतप्रधान, की साखळीचा वाटा त्यापुढे लहान दिसतो. भारतात रवंथ करणारी गुरे व भातखाचरे यांतील मिथेनमुळे शेतीचे पारडे जड आहे. साखळीचा आकडा देशाच्या आहाराइतकाच, बहुधा त्याहून अधिक, त्याच्या ऊर्जाव्यवस्थेबद्दल सांगतो. वाटा कमी म्हणजे कारभार चांगला, असेही नाही. शीतगृहांअभावी माल नासला तर तो पिकवताना झालेले उत्सर्जन शेतीच्या खात्यात जमा होते आणि साखळी स्वच्छ दिसते.

हिशेबाची पद्धतही तुलनेला वळण देते. राष्ट्रीय उत्सर्जन-यादीत ‘अन्न’ असे क्षेत्रच नसते. ऊर्जा, उद्योग, शेती व कचरा अशा खात्यांतून ते वेचून काढावे लागते. नाशिकची द्राक्षे पॅकहाऊसमध्ये प्रीकूलिंग होऊन थंड कंटेनरमधून न्हावा-शेवा बंदरमार्गे नेदरलँड्सला जातात, तेव्हा प्रीकूलिंगची वीज भारताच्या खात्यात पडते, दुकानातील शीतकपाटाची नेदरलँड्सच्या. आंतरराष्ट्रीय जहाजाचे इंधन मात्र कोणत्याच देशाच्या बेरजेत धरत नाहीत, त्याची नोंद स्वतंत्र राहते. याच कारणाने आयातीवर जगणाऱ्या देशाचा प्रादेशिक आकडा त्याच्या ताटाच्या मानाने लहान भरतो. शीतकरणात विजेखेरीज गळणारा वायूही मोजावा लागतो: आर-४०४ए या प्रशीतकाची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ३,९०० पट आहे, आणि अशा वायूंचा वापर घटवण्यासाठी २०१६ साली मॉन्ट्रियल करारात किगाली दुरुस्ती झाली.

घरगुती स्वयंपाकाचा टप्पा तर आकड्यांना सर्वांत फसवा आहे. सरपणातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ऊर्जेच्या बेरजेत न घेता वेगळा नोंदवतात, मिथेन व नायट्रस ऑक्साइड तेवढे धरतात. त्यामुळे चूल सोडून गॅस सिलिंडर घेणारे घर धुरातून सुटते, पण ऊर्जेच्या खात्यावरील कार्बन डायऑक्साइड वाढवते.