नेच्यांचे वेड आणि नेच्यांचे बी

नेच्याला फूल नाही, फळ नाही. सावली आणि ओलावा एवढेच त्याचे मागणे. फुलावाचून ही वनस्पती उगवते कशी, हे युरोपातील जुन्या लोकांना पडलेले एक कोडे होते. नेच्याचे बी अदृश्य असते, संत योहानाच्या सणाच्या आदल्या रात्री ते हाती लागते आणि जवळ बाळगणारा स्वतःही अदृश्य होतो, अशी त्यांची समजूत होती. गोव्यात ‘सांजांव’ म्हणून साजरा होतो तोच हा २४ जूनचा सण.

हे कोडे सोडविणाऱ्यांत जमेका बेटावरील शस्त्रवैद्य जॉन लिंडसे यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. पानाच्या पाठीवर जे तपकिरी ठिपके असतात, त्यांतील धूळ मातीवर पेरून त्यांनी रोपे उगविली आणि १७९४ साली ती रीत लंडनच्या लिनियन सोसायटीमार्फत प्रसिद्ध केली. पेरलेल्या बीजाणूपासून आधी एक चिमुकला हिरवा पापुद्रा तयार होतो. त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असला तरच फलन घडते व खरा नेचा डोके वर काढतो. हा क्रम विल्हेल्म हॉफमाइस्टर या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली उलगडून दाखविला. नेच्याला ओल का लागते, याचे खरे उत्तर येथे आहे.

दरम्यान लंडनमध्ये वेगळीच घटना घडली. डॉ. नॅथॅनियल वॉर्ड यांना नेच्यांची आवड होती. परंतु शहराच्या धुराने त्यांची झाडे मरत. १८२९ साली त्यांनी एका पतंगाचा कोश ओल्या मातीत घालून बाटलीत झाकून ठेवला. काही दिवसांनी त्या मातीतून आपोआप एक नेचा उगवला. बंद काचेत ओलावा फिरून फिरून मातीतच परतत होता. त्यावरून ‘वॉर्डची पेटी’ निघाली आणि दिवाणखान्यातही नेचे नांदू लागले.

मग इंग्लंडला नेच्यांचे वेडच लागले. १८५५ साली चार्ल्स किंग्स्ली या धर्मोपदेशक लेखकाने त्या वेडाला स्वतंत्र नाव दिले. आगगाडीने माणसे डोंगरदऱ्यांत जात व टोपल्या भरून देशी नेचे उपटून आणीत. फेरीवाले तेच दारोदार विकीत. आयर्लंडमधील किलार्नीचा नाजूक, पारदर्शक पानांचा नेचा धबधब्यांच्या कपारींतून असा ओरबाडला गेला, की पुष्कळ ठिकाणी तो दिसेनासा झाला. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने त्याला संरक्षण मिळाले. पुढे काही कपारींत त्याचा पहिल्या अवस्थेतील हिरवा थर तेवढा जिवंत असलेला आढळला. पाने मात्र नव्हती.

खेद वाटतो तो याचा, की लिंडसे यांची रीत छापून त्या वेळी साठ वर्षे लोटली होती. एका पानावरील धुळीतून शेकडो रोपे मिळू शकत होती. पण त्यासाठी काही महिने थांबावे लागते, आणि उपटण्याला एक क्षण पुरतो. निसर्गाचा हा नाश प्रेमापोटीच झाला. त्या प्रेमाला धीर नव्हता.

आपल्या सह्याद्रीलाही नेच्यांचे वैभव लाभले आहे. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील जेझुइट धर्मगुरू फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि जे. एफ. द आल्मेदा यांनी १९२२ साली मुंबई इलाख्यातील नेच्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पावसाळ्यात घाटातील ओल्या दरडींवर हंसराज डोलू लागला, की तो मुळासकट घरी न्यावा असा मोह होतो. त्याऐवजी ठिपके पिकलेले एकच पान कागदात गुंडाळून आणावे, कागदावर पडलेली धूळ उकळते पाणी ओतून निववलेल्या मातीवर पेरावी, वर काच झाकावी आणि कुंडी सावलीत ठेवून द्यावी. बागेत नेचा येतो आणि दरडीवरचाही तेथेच राहतो.