अभिजात विद्या आणि विद्यार्थ्याचें पोट

भिवंडींत मागावर काम करणाऱ्या एका गृहस्थांचा मुलगा मध्यंतरीं आम्हांस भेटावयास आला. बारावीस संस्कृतांत त्यानें उत्तम गुण मिळविले होते व पदवीहि त्याच विषयांत घ्यावी अशी त्याची इच्छा होती. "सर, सर्वांत कमी पैशांत हें कोठें होईल?" एवढाच त्याचा प्रश्न. तो ऐकून प्रथम आम्हांस खेद वाटला. परंतु विचारांतीं दिसून आलें कीं, या विद्येच्या इतिहासांत हा प्रश्न मुळींच नवा नाहीं.

यंत्रमागांच्या या गांवास संस्कृताशीं काय कर्तव्य, असें वाचकांस वाटेल. परंतु याच परिसरांतील भादाणें गांव लोणादित्याच्या पूजेप्रीत्यर्थ दिल्याचा शिलाहार अपराजिताचा शके ९१९ चा ताम्रपट संस्कृतांतच आहे. दान देणारा राजा असे आणि त्याचा भार गांव वाही. संस्कृत जाणणाऱ्यांचा योगक्षेम बहुधा अशाच दानांवर चाले.

पुढें पेशव्यांची श्रावणमासची दक्षिणा आली. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनीं त्याच दक्षिणेच्या द्रव्यांतून १८२१ सालीं पुण्याच्या विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा स्थापिली. डेक्कन कॉलेजाचें मूळ तें हेंच. कालांतरानें याच निधींतून दक्षिणा फेलोशिप निघाली व रानडे, भांडारकर यांसारख्यांस तिचा आधार झाला. मात्र मूळची दक्षिणा ब्राह्मणांपुरतीच होती, हें विसरूं नये. जो पैसा देतो, तोच दार कोणास उघडावयाचें हें ठरवितो.

या दाराबाहेरून वाट काढणारा पुरुष म्हणजे धर्मानंद कोसंबी. १८९९ सालीं गोव्यांतील घर सोडून ते निघाले आणि काशीस अन्नछत्रांत जेवून संस्कृत शिकले. पुढें कलकत्त्यास त्यांस पालीच्या अध्यापनाची चांगल्या वेतनाची जागा मिळाली. परंतु महाराष्ट्रांत राहून काम करावें म्हणून सयाजीराव महाराजांनीं देऊं केलेले दरमहा पन्नास रुपये त्यांनीं पसंत केले. त्यांनीं फर्ग्युसन कॉलेजांत पाली शिकविली व महाराष्ट्रांत त्या भाषेच्या अध्ययनाचा पाया घातला.

दक्षिणा, अन्नछत्र आणि हे पन्नास रुपये यांत एक साम्य आहे. यांपैकीं एकहि शिक्षणाचें शुल्क नव्हतें. तिन्हींनीं माणसाच्या पोटाची सोय केली. आजहि हिशेब तोच आहे. रामटेकास १९९७ पासून कालिदासांच्या नांवाचें संस्कृत विश्वविद्यालय आहे. मुक्त विद्यापीठें घरबसल्या शिकवितात. कला शाखेचें शुल्क वैद्यकीच्या वा यंत्रविद्येच्या मानानें अल्पच. गरिबाच्या मुलास जड जातें तें शुल्क नव्हे, तर पदवीच्या वर्षांत बुडणारी मजुरी. म्हणून विद्या स्वस्त करावयाची, तर नुसतें शुल्क उतरवून भागणार नाहीं. शेंकडों मागांचा खडखडाट चालणाऱ्या या गांवांतील चार मालकांनीं मनांत आणलें, तर एका विद्यार्थ्याचा योगक्षेम चालविणें त्यांस अशक्य नाहीं. आणि तो कोणत्या जातीचा हें त्यांनीं विचारूं नये.

आमच्या त्या विद्यार्थ्यानें मुक्त विद्यापीठांत नांव घातलें आहे. दर रविवारीं सकाळीं तो आमच्याकडे रघुवंश वाचावयास येतो. शनिवारची रात्रपाळी तशीच डोळ्यांत असते. एखादा श्लोक वाचतां वाचतां त्याची मान कलते. तेव्हां आम्ही पुस्तक मिटून ठेवतों आणि त्यास थोडा वेळ निजूं देतों.