इवल्या इंजिनाचा कणा : क्रँकशाफ्टसाठी पोलाद कोणते?

मॉडेल विमानाचे अडीच सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन तळहातावर मावते. पण त्याचा क्रँकशाफ्ट मिनिटाला १० ते २० हजार फेरे घेतो. दट्ट्याच्या मागे-पुढे होण्याचे रूपांतर चक्राकार गतीत करणारा हा दांडा ऐन वेगात तुटला, तर इंजिन तर जातेच. शिवाय सुटलेला पंखा चालवणाऱ्याच्या बोटांवर वा डोळ्यांवर येऊ शकतो. मात्र भक्कम पोलाद आणले की काम संपले, असे नाही. दांडा कसा कातला, यावरही त्याचे आयुष्य ठरते.

पोलादाची निवड

ब्रिटनमध्ये १८९८ साली 'मॉडेल इंजिनीअर' हे नियतकालिक निघाले आणि घरच्या लेथवर इंजिने घडविण्याच्या छंदाला हक्काचे व्यासपीठ मिळाले. ब्रिटिश प्रमाणांतील 'ईएन' क्रमांक भारतातील पोलाद बाजारातही रुळलेले आहेत.

ईएन ८ : सुमारे ०.४ टक्के कार्बन. कातण्यास सोपे, वाफेच्या व संथ फोर-स्ट्रोक इंजिनांना पुरेसे.

ईएन २४ : निकेल, क्रोमियम व मॉलिब्डेनमयुक्त. आधीच कठीण व टेंपर केलेल्या स्थितीत मिळते. कातल्यावर पुन्हा तापवावे लागत नसल्याने दांडा वाकण्याची भीती कमी.

ईएन ३६ : कमी कार्बनचे. कार्बन मुरवून कठीण केल्यास पृष्ठभाग झिजत नाही आणि गाभा चिवट राहतो. वेगवान इंजिनांसाठी उत्तम; मात्र आट्यांच्या भागात कार्बन मुरू देऊ नये, अन्यथा तेथे दांडा ठिसूळ होतो.

सिल्व्हर स्टीलमध्ये चांदी नसते, कार्बन सुमारे १ टक्का असतो. पूर्ण कठीण केल्यास ते ठिसूळ होते. त्यामुळे ते अखंड दांड्यासाठी टाळलेले बरे. गंधक वा शिसे मिसळलेले सहज कातले जाणारे पोलादही वेगवान इंजिनात नको.

दडलेला ताण

थंड ओढलेल्या सळईत ताण साठलेला असतो. एका बाजूचा धातू काढताच तोल बिघडतो आणि सरळ दांडा वाकतो. म्हणून गरम लाटलेली, नॉर्मलाइज केलेली सळई घ्यावी. ईएन ८ वापरताना अर्धा मि.मी. धातू राखून ओबड कातावे, सुमारे ६०० अंश सेल्सिअसला तापवून सावकाश थंड होऊ द्यावे आणि मगच अंतिम कातकाम करावे.

लेथवरील काम

सिलिंडरचा व्यास १५ मि.मी. आणि स्ट्रोक १४ मि.मी. असेल, तर क्रँकपिनचा मध्य दांड्याच्या अक्षापासून नेमका ७ मि.मी. दूर हवा. मुख्य दांडा कातून झाला की तेवढ्याच अंतरावर भोक पाडलेल्या धारकात तो पकडून पिन कातता येते. दोन्ही अक्ष समांतर नसतील, तर कनेक्टिंग रॉड अडकतो.

पिन व चकती जेथे मिळतात, तो कोपरा काटकोनी ठेवू नये. तेथे गोलाई द्यावी. पोकळ दांड्याला इंधनमिश्रणासाठी पाडलेली खिडकी हा आणखी एक नाजूक भाग. तिच्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात. तडा बहुधा अशाच कोपऱ्यातून वा हत्याराच्या ओरखड्यातून सुरू होतो. त्यामुळे इंजिन जोडण्यापूर्वी दांडा भिंगाखाली तपासावा आणि ओरखडा दिसल्यास पुन्हा घासून काढावा.