मोठी शेवंड घोडेगावात मागवताय? विकत घेण्यापासून ताटात येईपर्यंत सगळं समजून घ्या

आंबेगाव तालुक्यातलं घोडेगाव घोड नदीच्या काठावर आहे. समुद्र इथून बराच लांब, मधे सह्याद्रीची भिंत. इथलं सगळ्यात प्रसिद्ध 'मासे'वालं जेवण म्हणजे मासवडी, आणि तिच्यात मासा नसतोच! बेसनाची वडी, आत खोबरं-तिळाचं सारण आणि सोबत झणझणीत रस्सा.

पण मोबाईलवर सगळे समुद्र जवळ आले आहेत. हाताएवढी लांब शेवंड, म्हणजेच लॉब्स्टर, मधोमध चिरून बटरमध्ये भाजणारे व्हिडिओ रोज फिरतात. पुण्याच्या बाजारातून किंवा ऑनलाइन मागवून मंचरमार्गे घोडेगावपर्यंत शेवंड आणणं आता अशक्य राहिलेलं नाही. तिच्यावर काही हजार रुपये खर्च करण्याआधी काय माहीत असायला हवं? मोठी शेवंड खरंच जास्त चांगली असते का? आणि कोणती शेवंड मुळीच घेऊ नये?

शेवंड म्हणजे नेमकं काय?

कोळंबी आणि खेकड्याच्या नात्यातला हा दहा पायांचा कवचधारी प्राणी. कोकणात त्याला शेवंड म्हणतात. मात्र परदेशी व्हिडिओतला लॉब्स्टर आणि आपली शेवंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिका आणि कॅनडाच्या थंड पाण्यातल्या लॉब्स्टरला दोन जाडजूड नांग्या असतात आणि त्या नांग्यांमध्ये भरपूर मांस असतं. आपल्या किनाऱ्यावरच्या शेवंडीला अशा नांग्या नसतात. तिच्या पाठीवर काटे असतात आणि डोक्यावर दोन लांब, जाड मिशा. खाण्याजोगं बहुतेक मांस शेपटीत असतं. त्यामुळे 'नांगी कुठे गेली?' म्हणून दुकानदाराशी भांडू नका. ती मुळातच नव्हती.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर काटेरी शेवंडीच्या काही जाती मिळतात. मुंबईकडच्या चिखलाच्या तळाशी राहणारी 'पॅन्युलिरस पॉलिफॅगस' ही त्यातली महत्त्वाची. सिंधुदुर्गाच्या खडकाळ किनाऱ्यावर खडकात राहणाऱ्या जाती सापडतात. याशिवाय चपटी, बिनकाट्याची 'सँड लॉब्स्टर' असते. तिची गोष्ट पुढे येईलच.

'लॉब्स्टर' म्हणून दुसरंच काही मिळत नाही ना?

समुद्रापासून लांबच्या गावात हा प्रश्न आधी विचारायला हवा. लांबलचक निळ्या नांग्यांची मोठी गोड्या पाण्यातली कोळंबी, जिला बाजारात 'स्कॅम्पी' म्हणतात, अनेकदा लॉब्स्टर समजून घेतली जाते. तिचा नर सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे. ती चवीला उत्तम असते, पण ती शेवंड नाही आणि तिला शेवंडीचा भाव देण्याचं कारण नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. कोळंबीचं कवच पातळ असतं आणि अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं असतं. शेवंडीचं कवच जाड आणि कडक, अंग गोलसर आणि शेपटीचा पंखा रुंद असतो.

शोभेच्या माशांच्या दुकानात 'लॉब्स्टर' नावाने मिळणारी छोटी क्रेफिश हा तिसराच प्राणी. हौस फिटली म्हणून ती नदीत किंवा डिंभे धरणाच्या जलाशयात सोडून देऊ नका. बाहेरून आलेली क्रेफिश स्थानिक मासे आणि खेकड्यांचं अन्न आणि जागा बळकावू शकते. या जलाशयातल्या मासेमारीवर धरणात जमिनी गेलेल्या आदिवासी कुटुंबांचं पोट आहे.

एका किलोत किती मांस मिळतं?

याचं उत्तर एका सरकारी नियमात दडलेलं आहे. केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने जुलै २००३ मध्ये शेवंडीच्या निर्यातीसाठी किमान वजनं ठरवली. 'पॉलिफॅगस' जातीची अख्खी शेवंड किमान ३०० ग्रॅमची हवी आणि नुसती शेपटी पाठवायची तर ती किमान ९० ग्रॅमची. 'ऑर्नाटस' या मोठ्या जातीसाठी हेच आकडे ५०० आणि १५० ग्रॅम आहेत.

दोन्हीचं गणित मांडून पाहा. शेपटी म्हणजे एकूण वजनाच्या साधारण ३० टक्के. म्हणजे एक किलोच्या शेवंडीतून कवचासकट सुमारे ३०० ग्रॅमची शेपटी निघते. कवच काढलं की मांस त्याहून कमी. पाच माणसांचं कुटुंब असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम. भाव विचारताना तो अख्ख्या शेवंडीचा आहे की फक्त शेपटीचा, हे म्हणूनच आधी स्पष्ट करून घ्या. शेपटीचा दर तिप्पट वाटला तरी हिशेब जवळपास सारखाच असू शकतो.

जितकी मोठी, तितकी चांगली?

जगातल्या सगळ्यात वजनदार लॉब्स्टरची नोंद कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाची, १९७७ सालची. वजन २० किलोंहून जास्त. आपल्याकडे काटेरी शेवंडीत 'ऑर्नाटस' जात सगळ्यात मोठी होते आणि काही किलोंपर्यंत जाते.

मोठ्या शेवंडीचं मांस चामट असतं, असं अनेकजण सांगतात. बहुतेक वेळा दोष वयाचा नसून शिजवण्याचा असतो. मोठा तुकडा आतपर्यंत शिजेपर्यंत बाहेरचा भाग रबरासारखा होतो. नीट शिजवली तर मोठी शेवंडही मऊ राहते. पण ती लहानीपेक्षा चवदार असतेच असंही नाही. साधारण अर्धा किलोची शेवंड घरच्या भांड्यात मावते, सारखी शिजते आणि खिशालाही परवडते. अवाढव्य शेवंडीत जास्त पैसे जातात ते दिसण्याचे.

कोणती शेवंड घेऊ नये?

शेपटीच्या खालच्या बाजूला नारिंगी किंवा तपकिरी दाण्यांचा घोस दिसला, तर ती अंडी घेतलेली मादी आहे. ती घेऊ नका. काही विक्रेते 'गाबोळीवाली आहे, मस्त लागते' म्हणून तीच पुढे करतात.

शेवंडीची मादी अंडी पोटाखाली चिकटवून फिरते आणि ती जपते. मादी जितकी मोठी, तितकी अंडी जास्त. मोठ्या मादीकडे ती लाखांच्या घरात असतात. त्यातून निघालेली पानासारखी चपटी पिल्लं कित्येक महिने समुद्रात तरंगत राहतात आणि त्यातली अगदी मोजकीच जगतात. या लांबलचक बाल्यावस्थेमुळे काटेरी शेवंडीची अंड्यापासून शेती करणं फार अवघड जातं. व्हिएतनामसारख्या देशात पिंजऱ्यात शेवंड वाढवतात, पण त्यासाठीही पिल्लं समुद्रातूनच पकडावी लागतात. थोडक्यात, समुद्रातली मादी संपली की दुकानातली शेवंड संपली.

मुंबईच्या किनाऱ्यावर हे घडून गेलं आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी चपट्या सँड लॉब्स्टरला व्यापारी मागणी आली. ट्रॉलरच्या जाळ्यांत ती मोठ्या प्रमाणात सापडू लागली आणि त्यात अंडी घेतलेल्या माद्याही होत्या. १९९४ पर्यंत मुंबईची ही मासेमारी कोसळली. काही वर्षं शेकडो टनांचं उत्पन्न देणारा प्राणी दीड दशकात जाळ्यात येईनासा झाला.

निर्यातीसाठी किमान वजनाचा नियम त्यानंतर आला. महाराष्ट्र सरकारनेही २०२३ मध्ये ५४ सागरी जातींसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवलं. पण गावातल्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत काय जातं ते तपासायला तिथे कोणी उभं नसतं. तिथे नियम गिऱ्हाइकानेच पाळायचा असतो. ३०० ग्रॅमच्या आतली शेवंड आणि अंडीवाली मादी, या दोन्हींना नाही म्हणा.

आणखी एक. १ जून ते ३१ जुलै या काळात राज्यात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. या दिवसांत कोणी 'आजचीच ताजी' म्हणून शेवंड विकत असेल, तर ती कुठून आली हे विचारा.

ताजी आहे हे कसं ओळखायचं?

जिवंत शेवंड उचलली की शेपटी जोरात पोटाखाली घेते. शेपटी लोंबत असेल तर ती मेली आहे किंवा मरायला टेकली आहे. मेलेल्या शेवंडीच्या पचनग्रंथीतले पाचक रस आजूबाजूचं मांस विरघळवू लागतात, म्हणून ती फार लवकर पिठूळ होते. सांध्यांवर काळे डाग किंवा नवसागरासारखा उग्र वास आला, तर कितीही स्वस्त असली तरी परत द्या.

घोडेगावपर्यंतच्या प्रवासात जिवंत शेवंड आणायची असेल, तर थर्माकोलच्या खोक्यात ओल्या गोणपाटात गुंडाळून आणावी. बाजूला बंद बर्फाच्या पिशव्या ठेवाव्यात, पण वितळलेलं पाणी तिच्यावर साचू देऊ नये. घरी आल्यावर बादलीभर नळाच्या पाण्यात सोडायची चूक अनेकजण करतात. गोड्या पाण्यात ती लवकरच मरते.

इतकी धावपळ नको असेल, तर चांगल्या ठिकाणची गोठवलेली शेपटी हा जास्त शहाणा पर्याय आहे. पाकिटावर बर्फाच्या थराशिवायचं निव्वळ वजन पाहा. रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून बर्फ सुटू द्या.

जिवंत शेवंड उकळत्या पाण्यात टाकायची का?

नको. पाण्यात टाकल्यावर येणारा 'किंचाळण्याचा' आवाज कवचातून निसटणाऱ्या हवेचा आणि वाफेचा असतो, शेवंडीला स्वरयंत्र नसतं. पण म्हणून तिला काही जाणवत नाही असं म्हणता येत नाही. स्वित्झर्लंडने २०१८ मध्ये लॉब्स्टर जिवंत उकळण्यावर बंदी घातली. ब्रिटनने २०२२ च्या प्राणी संवेदनशीलता कायद्यात खेकडे आणि लॉब्स्टरचाही समावेश केला.

घरी करण्याजोगा मार्ग असा. शेवंड बर्फाच्या चुऱ्यात किंवा फ्रीझरमध्ये अर्धा तास ठेवा. ती निपचित पडली की जाड फडक्याने धरून, डोळ्यांच्या मधून धारदार सुरीने झटकन उभी चिरा. काटे हाताला लागतात, त्यामुळे फडकं विसरू नका.

शिजवायची कशी?

आधी आतडं काढा. मिशीचा एक तुकडा मोडून शेपटीच्या टोकाच्या छिद्रातून आत सरकवा आणि ओढा. मिशीवरच्या बारीक काट्यांना अडकून काळी शीर बाहेर येते. कोळ्यांची ही युक्ती सुरीपेक्षा सोपी आहे.

वाफवून: मोठ्या टोपात जाळी ठेवून, झाकण घट्ट लावून अर्ध्या किलोची शेवंड १० ते १२ मिनिटं आणि एक किलोची १५ ते १८ मिनिटं वाफवा. दीड किलोच्या वरची असेल, तर अख्खी शिजवायच्या भानगडीत न पडता दोन भाग करा.

तव्यावर: उभे दोन भाग करून हळद, मीठ, आलं-लसूण आणि थोडं तिखट लावा. मांसाची बाजू आधी खाली ठेवून तीन मिनिटं भाजा. मग उलटून, झाकण ठेवून पाच-सहा मिनिटं.

काचेसारखं दिसणारं मांस पूर्ण पांढरं झालं की ते शिजलं. कवच लाल झालं एवढ्यावर विसंबू नका. कवचातला लाल रंग आधीपासूनच एका प्रथिनात बांधलेला असतो. उष्णतेने ते प्रथिन मोडतं आणि लाल रंग मोकळा होतो. हे आत मांस शिजण्याच्या बरंच आधी घडतं.

रस्सा: पाच माणसांत एक शेवंड पुरवायची असेल तर हाच मार्ग. डोक्याचं कवच आणि पाय ठेचून तेलात परता, पाणी घालून वीस मिनिटं उकळा आणि गाळून घ्या. या पाण्यात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि काळा मसाला घालून उकळी आणा. मांसाचे तुकडे शेवटच्या तीन-चार मिनिटांत सोडा. मासवडीचा रस्सा करणाऱ्या घराला हे शिकवावं लागत नाही. सोबत बाजरीची भाकरी किंवा भात.

कोणी जपून खावी?

कोळंबी किंवा खेकड्याची ॲलर्जी असलेल्यांनी शेवंड खाऊ नये. ॲलर्जी करणारं 'ट्रोपोमायोसिन' हे प्रथिन या सगळ्यांत असतं आणि शिजवल्याने ते नष्ट होत नाही. समुद्रापासून लांब राहणाऱ्या अनेकांनी कवचधारी प्राणी आयुष्यात कधी खाल्लेलाच नसतो, त्यामुळे आपल्याला ॲलर्जी आहे हे त्यांना ठाऊक नसतं. पहिल्यांदा एक लहान घास खा आणि थांबा. अंगावर गांधी, ओठांना सूज किंवा धाप लागली तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठा.

युरिक ॲसिड वाढलेल्यांनी डॉक्टरांना विचारावं. डोक्यातला हिरवट मऊ भाग काहींना फार आवडतो, पण कॅडमियमसारखे जड धातू तिथेच साचतात आणि मोठ्या, जुन्या शेवंडीत त्यांना साचायला जास्त वेळ मिळालेला असतो. तो भाग टाकून देणं बरं.

थोडक्यात

अर्धा किलोच्या आसपासची, अंडी नसलेली, शेपटी आवळून घेणारी शेवंड निवडा. भाव कशाचा आहे ते विचारा. कमी वेळ शिजवा आणि कवच फेकू नका. राक्षसी शेवंडीचा फोटो एक दिवस फिरतो, पण तीच मादी समुद्रात राहिली तर पुढच्या कित्येक हंगामांच्या जाळ्यात काहीतरी येतं.