कास्टिंग टाइम

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग खेळांत एखाद्या पात्राला मंत्र पूर्ण करायला जेवढा वेळ लागतो, त्याला कास्टिंग टाइम म्हणतात. हा वेळ कथेतला, भिंतीवरच्या घड्याळातला नव्हे. खेळाडू ‘फायरबॉल टाकतो’ एवढे म्हणून मोकळा होतो. त्याच्या पात्राला मात्र शब्द उच्चारायचे असतात, हातवारे करायचे असतात, कधी पिशवीतून साहित्यही काढायचे असते. तेवढ्या अवधीत शत्रूला काय साधता येईल, हा या नियमाचा गाभा आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला. वेळेचा बारीक हिशेब मांडला तो त्याच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ रूपाच्या १९७८ मधील ‘प्लेयर्स हँडबुक’ने. तिथे लढाईची फेरी १ मिनिटाची, फेरीचे १० सेगमेंट आणि सेगमेंट ६ सेकंदांचा. मॅजिक मिसाइल एका सेगमेंटात सुटे, फायरबॉलला ३ लागत. म्हणजे वटवाघळाची विष्ठा आणि गंधक यांची इवलीशी गोळी हातात घेऊन मांत्रिक १८ सेकंद जागच्या जागी उभा. तेवढ्यात एखादा बाण लागला की मंत्र वाया जाई आणि स्मरणातूनही पुसला जाई. मंत्र पाठ करून ठेवायचा आणि वापरला की विसरायचा, ही कल्पना जॅक व्हान्स यांच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) या पुस्तकावरून घेतलेली. त्यामुळे मांत्रिकापुढे ढाल धरून उभे राहणे हे योद्ध्याचे मोलाचे काम ठरे. हे नियम किचकट होते. सेगमेंट आणि शस्त्राचा वेग यांचा मेळ घालताना मुरलेले खेळाडूही अडखळत. तरीही मंत्र म्हणणाऱ्याची असहाय्यता इतकी ठसठशीत पुढच्या कोणत्याच आवृत्तीत उतरली नाही.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत कास्टिंग टाइमचा आकडा पाळी ठरवणाऱ्या फाशाच्या दानात मिळवला जाऊ लागला. बेरीज जितकी लहान, तितकी पाळी आधी. २००० साली तिसऱ्या आवृत्तीने फेरी ६ सेकंदांवर आणली. बहुतेक मंत्र आता एका कृतीत, स्वतःच्याच पाळीत सुरू होऊन संपू लागले, आणि मध्येच तोडण्याची संधी आक्रसली.

२०१४ ची पाचवी आवृत्ती सेकंद मोजत नाही, कृतीचा प्रकार पाहते. साध्या मंत्राला पाळीतली मुख्य कृती लागते. ‘हीलिंग वर्ड’ला मुख्य कृतीखेरीजची छोटी बोनस कृती पुरते, म्हणून जखमी सोबत्याला सावरून त्याच पाळीत गदाही चालवता येते. ‘शील्ड’ ही प्रतिक्रिया आहे: शत्रूचा वार लागला असे कळल्यावरही ती टाकता येते. मिनिटे वा तास लागणाऱ्या मंत्रासाठी पात्राने दर पाळीला आपली कृती खर्चून एकाग्रता टिकवायची असते. एकाग्रता मोडली तर मंत्र फसतो, पण त्याचा स्लॉट, म्हणजे मंत्र टाकण्याच्या मर्यादित शक्तीतला वाटा, शाबूत राहतो. १ मिनिट म्हणजे १० फेऱ्या. इतक्या फेऱ्या फार थोड्या लढाया टिकतात. त्यामुळे असे मंत्र भर लढाईत जवळजवळ निरुपयोगी ठरतात.

वेळेची खरी किंमत मरणाच्या प्रसंगी कळते. ‘रिव्हिव्हिफाय’ एका कृतीत मेलेल्याला उठवतो, पण मृत्यूला १ मिनिट उलटायच्या आत. ‘रेझ डेड’ मृत्यूनंतर १० दिवसांपर्यंत चालतो आणि त्याला पुरा १ तास लागतो. सोबती कोसळला, मिनिट सरले, की धर्मगुरूचे पात्र खेळणाऱ्यापुढे प्रश्न उरतो तो जागेचा: तासभर कुणी आत शिरणार नाही अशी खोली या तळघरात आहे का? एका आकड्यातून सगळ्या टेबलाला अशी घालमेल लावणारा नियम मला दुसरा ठाऊक नाही. विधी म्हणून करता येणाऱ्या मंत्रांना १० मिनिटे जास्त द्यावी लागतात, पण स्लॉट खर्च होत नाही. वेळ देऊन शक्ती वाचवण्याचा हा सौदा नवखे खेळाडू हमखास विसरतात.

अन्य खेळांची वाट निराळी आहे. ‘गर्प्स’मध्ये (१९८६) पाळी १ सेकंदाची असते, आणि चौथ्या आवृत्तीत मंत्रावरचे कौशल्य २० ला पोचले की लागणारा वेळ निम्मा होतो. सरावाने हात बसतो, हे सत्य इथे थेट नियमात आले आहे. ‘पाथफाइंडर’च्या दुसऱ्या आवृत्तीत (२०१९) दर पाळीला ३ कृती मिळतात. तिथला ‘हील’ एका कृतीत केवळ स्पर्शाने चालतो, दोन कृतींत ३० फुटांवर पोचून जास्त जखम भरतो आणि तीन कृतींत भोवतालच्या सर्वांना लागू होतो. किती वेळ द्यायचा हे खेळाडूनेच ठरवायचे. आजच्या रचनांत हीच मला सर्वांत समाधानकारक वाटते.

मांत्रिकाचे पात्र प्रथमच घेणाऱ्याने पात्राच्या कागदावर प्रत्येक मंत्रापुढे त्याचा कास्टिंग टाइम लिहून ठेवावा, आणि बोनस कृती व प्रतिक्रिया यांचे मंत्र वेगळे मांडावेत.