डब्यावरचा ‘डब्ल्यू’

पौषातल्या पहाटे, पुण्यासारख्या गावी पारा दहा अंशांखाली उतरलेला असताना, रात्रभर अंगणात उभी असलेली मोटार सुरू करावी, आणि यंत्राच्या माथ्याकडून धातूवर धातू आपटल्याची कोरडी टकटक उठून ती काही क्षणांत आपोआप विरून जावी, हा अनुभव जुन्या गाडीच्या पुष्कळ मालकांना परिचित असेल. मिस्त्रीपुढे ही कैफियत मांडली, की ‘टॅपेट वाजतोय, जरा जाड ऑइल टाकू’ असा निवाडा बहुधा तत्काळ मिळतो. परंतु ऑइलच्या डब्यावर ‘५डब्ल्यू-३०’ किंवा ‘२०डब्ल्यू-५०’ असे जे छापलेले असते, त्यातील मधल्या अक्षराची कुळकथा ज्याला ठाऊक आहे, तो हा निवाडा मान्य करण्यापूर्वी खचित थबकेल. ते अक्षर ‘विंटर’ या शब्दाचे, म्हणजे हिवाळ्याचे, आद्याक्षर आहे. आणि तो हिवाळा अमेरिकेच्या उत्तरेकडचा आहे.

आपल्याकडे गाडीवान आसाला वंगण घालताना त्याचा दाटपणा बोटांच्या चिमटीत पारखी. अमेरिकेतील मोटारीच्या आरंभकाळीही तेल पातळ, मध्यम आणि जाड अशा सैल नावांनीच विकले जात असे, आणि एका विक्रेत्याचे ‘मध्यम’ दुसऱ्याच्या ‘जाड’हून निराळे असे याचा दाखला कोणी देऊ शकत नसे. जॉर्ज सेबोल्ट यांच्या उपकरणाने या दाटपणाला, म्हणजे श्यानतेला, प्रथम हिशेबात आणले: ठरावीक उष्णतेला तापवलेले ६० मिलिलिटर तेल एका बारीक छिद्रातून गळावयास किती सेकंद लागतात, एवढेच ते मोजी. १९०५ साली स्थापन झालेल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, १९११ मध्ये तेलांचा पहिला जाबता केला. डब्यावरच्या आकड्यांत तेलाच्या गुणवत्तेची सनद कोणी पाहू नये. ते केवळ दाटपणाचे माप आहे.

हे माप मात्र उष्ण तेलाचे होते, आणि यंत्राची खरी परीक्षा थंडीत होई. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा सेल्फ बसेपर्यंत हँडल मारूनच मोटार सुरू करावी लागे, आणि गोठणबिंदूखाली मधासारखे घट्ट झालेले तेल हँडल मारणाऱ्याच्या मनगटाची शक्ती गिळून टाकी. कॅनडा-अलास्काकडचे वैमानिक तर रात्री यंत्रातील तेल काढून घेत, सकाळी ते शेगडीवर तापवीत आणि ऊनऊनच पुन्हा ओतीत. १९३३ साली एसएईच्या तक्त्यात १०डब्ल्यू आणि २०डब्ल्यू या दोन श्रेणी दाखल झाल्या, आणि आपले अक्षर जन्मास आले.

एकाच डब्यावर दोन आकडे येण्यास आणखी वेळ लागला. डीन आणि डेव्हिस यांनी १९२९ मध्ये उष्णतेसरशी तेल किती पातळ होते याचे मान बसविले. त्यात पेनसिल्व्हेनियाच्या तेलाला शंभर आणि गल्फच्या किनाऱ्यावरील तेलाला शून्य धरले होते. पुढे तेलात विरघळणारी, थंडीत आखडणारी आणि उष्णतेत पसरणारी दीर्घ रेणूंची द्रव्ये हाती आली, आणि त्यांच्या योगाने हिवाळ्यात पातळ व तापल्यावर पुरेसे दाट राहणारे मल्टिग्रेड तेल सिद्ध झाले.

तरीही डब्ल्यूच्या जन्मपत्रिकेत एक मोठा दोष राहून गेला होता. थंडीतील श्यानता प्रत्यक्ष मोजली जात नसे. उष्ण तेलाच्या दोन मापांवरून आलेखावर सरळ रेषा ओढून ती अनुमानिली जाई, आणि तेलातील मेण व ती नवी द्रव्ये त्या रेषेचा हुकूम मानीत नसत. १९६७ मध्ये सेल्फने यंत्र फिरविताना तेल किती अडवते हे थंडीतच मोजण्याची पद्धत आली. आज ५डब्ल्यूला उणे ३० अंशांवर आणि २०डब्ल्यूला उणे १५ अंशांवर ही कसोटी द्यावी लागते. एवढ्यानेही भागले नाही. १९८०-८१ च्या हिवाळ्यात दक्षिण डाकोटातील सू फॉल्स येथे, यंत्र सहज सुरू होत असतानाही, चेंबरमधील तेल सावकाश थंड होताना आतल्या आत थिजल्यामुळे पंपाच्या तोंडाशी येईना, आणि बेअरिंगे कोरडी पडून यंत्रे निकामी झाली. तेव्हा तेलाला त्याच संथ गतीने गारठवून त्याची पंपाने खेचले जाण्याची क्षमता तपासण्याची कसोटी तक्त्यात आली. माझ्या मते या अक्षराचा खरा अर्थ त्या गावी पुरा झाला: यंत्र फिरणे निराळे, आणि तेल पोचणे निराळे.

आपल्या पहाटेच्या टकटकीचे मूळही या पोचण्यातच बहुधा सापडते. कॅडिलॅकच्या १९३० च्या सोळा सिलिंडरांच्या गाडीपासून झडप उघडणाऱ्या टॅपेटची फट तेलाच्या दाबाने भरून काढण्याची युक्ती मोटारीत रुळली; रात्री माथ्यावरचे तेल खाली उतरते, आणि सकाळी पंप ते पुन्हा वर चढवीपर्यंत ती फट वाजत राहते. दहा अंशांवर २०डब्ल्यू-५० हे तेल ५डब्ल्यू-३० हून कितीतरी अधिक दाट असते, म्हणजे मिस्त्रीच्या त्या उपायाने प्रतीक्षा लांबण्याचाच संभव अधिक. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत जे पर्याय दिले असतील त्यांतील डब्ल्यूपूर्वीचा लहान आकडा निवडावा, डब्ल्यूनंतरचा आकडा पुस्तिकेबाहेर जाऊ देऊ नये, आणि तेल फिल्टरमधून मागे गळू न देणारी आतील झडप शाबूत आहे ना, याची रुजुवात करावी. टकटक चार-दोन क्षणांत न थांबता गाडी तापेपर्यंत टिकत असेल, तर ती सिलिंडरमध्ये सैल झालेल्या पिस्टनचीही असू शकते; आणि पिस्टन तापून फुगेपर्यंत तिला डब्यावरचा कोणताही आकडा शांत करू शकत नाही.