‘चेक इंजिन’ दिवा आणि जुन्या स्पोर्ट्स कारमधील दोषशोध

डॅशबोर्डवरील पिवळा ‘चेक इंजिन’ दिवा कोणता सुटा भाग बिघडला हे सांगत नाही. इंजिनावर देखरेख करणाऱ्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, एखादे माप अपेक्षित मर्यादेबाहेर आढळले, एवढाच त्याचा अर्थ. हा भेद ध्यानात न घेता कोडमध्ये नाव आलेला सेन्सर बदलला जातो आणि काही दिवसांत दिवा पुन्हा पेटतो. सुटे भाग परदेशातून मागवावे लागणाऱ्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या मालकाला हा भुर्दंड जड जातो.

१९८९ च्या शिकागो मोटर शोमध्ये सादर झालेली माझदा एमएक्स-५ ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी या दृष्टीने उत्तम उदाहरण आहे. तिच्या पहिल्याच पिढीत, म्हणजे १९९७ पर्यंत, दोषशोधाच्या दोन पद्धती दिसतात. आरंभीच्या १.६ लिटर गाड्यांना स्कॅनर लागत नाही. बोनेटखाली ‘डायग्नोसिस’ असे लिहिलेली छोटी पेटी असते. तिच्यातील ‘टीईएन’ आणि ‘जीएनडी’ ही टोके तारेच्या तुकड्याने जोडून, इंजिन सुरू न करता किल्ली फिरवली की दिवा लुकलुकू लागतो. लांब लुकलुक म्हणजे दशक, आखूड म्हणजे एकक. एक लांब आणि पाच आखूड म्हणजे १५, अर्थात ऑक्सिजन सेन्सरचा संकेत. नुसत्या आठ आखूड म्हणजे हवा मोजणारा एअरफ्लो मीटर. शेजारचे चुकीचे टोक जोडले जाऊ नये म्हणून पेटीच्या झाकणामागील नकाशा आधी पाहावा.

अमेरिकेत १९९६ पासून ओबीडी-२ ही पद्धत सक्तीची झाली आणि तिथल्या एमएक्स-५ मध्येही सोळा पिनांचे सॉकेट आले. या गाड्यांत चालत्या इंजिनावर दिवा स्थिर असेल तर सवडीने तपासणी चालते. तो उघडझाप करू लागला तर मात्र वेग कमी करून गाडी थांबवावी. हे तीव्र मिसफायरचे लक्षण आहे. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि आतील जाळी वितळू शकते. मिसफायरचे मूळ बहुधा स्वस्त असते. या गाडीत पहिल्या व चौथ्या सिलिंडरला एक इग्निशन कॉइल, दुसऱ्या व तिसऱ्याला दुसरी. एकाच जोडीचे दोन्ही सिलिंडर चुकत असतील तर कॉइलवर संशय घ्यावा. एकच चुकत असेल तर प्लग किंवा त्याची वायर. प्लगची अदलाबदल करून कोड दुसऱ्या सिलिंडरवर सरकला, तर निदान झालेच.

सर्वाधिक फसवा कोड पी०१७१. मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त, असे तो सांगतो, आणि बळी जातो ऑक्सिजन सेन्सरचा. वास्तविक त्या सेन्सरने आपले काम चोख केलेले असते. स्कॅनरवरील ‘फ्युएल ट्रिम’ हा आकडा पाहावा. इंजिन मंद चालताना तो अधिक २० टक्क्यांच्या आसपास आणि २५०० फेऱ्यांवर जवळपास शून्य होत असेल, तर कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरते आहे. मंद गतीत एकूण हवाच थोडी असल्याने गळतीचा वाटा मोठा ठरतो. मीटर आणि थ्रॉटल यांमधली रबरी नळी तिच्या घड्यांत चिरते. ती वाकवून पाहिल्याशिवाय चीर दिसत नाही. उलट भार वाढल्यावर ट्रिम वाढत असेल, तर फ्युएल फिल्टर किंवा पंप तपासावा.

पी०४२० आला म्हणून लगेच कन्व्हर्टर बदलू नये. एक्झॉस्टच्या सांध्यातील गळतीनेही तो येतो.

भारतात ही गाडी अधिकृतपणे विकली गेली नाही. मात्र ओबीडी असलेल्या कोणत्याही गाडीला हीच तर्कपद्धती लागू पडते. कोकण-गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत आणखी एक जागा आधी पाहावी, ती म्हणजे सेन्सरच्या कनेक्टरमधील हिरवट गंज.

जुनी गाडी विकत घेताना किल्ली फिरवल्यावर हा दिवा क्षणभर पेटतो की नाही, हे अवश्य पाहावे. पेटलाच नाही, तर बल्ब काढून ठेवलेला असू शकतो. पेटून विझला तरी स्कॅनरमधील ‘रेडीनेस’ चाचण्या अपूर्ण दिसत असतील, तर कोड नुकतेच पुसले असण्याचा संभव असतो. अशी गाडी काही दिवस चालवून पुन्हा तपासेपर्यंत व्यवहार थांबवावा.